ट्रॉयच्या चालणाऱ्या आजी

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावात कोणी चालत नाही. फूटपाथ आहेत, चांगले रुंद आहेत, पण त्यांच्यावर खारी सोडल्या तर सहसा कोणी दिसत नाही. दूध आणायचं तर गाडी, पत्र टाकायचं तर गाडी. व्यायाम म्हणून चालायचं असलं तरी लोक आधी गाडीने जिमला जातात आणि तिथल्या पट्ट्यावर चालतात. त्यामुळे रोज सकाळी लाल लोकरी टोपी घालून, पाठ ताठ ठेवून, मोठ्या रस्त्याच्या कडेने एकटी चालत जाणारी एक जपानी म्हातारी बाई ही आमच्या भागात सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचं नाव ‘चालणाऱ्या आजी’ पडलं होतं. “आज मायनस टेनमध्येपण दिसल्या, यार. मी हीटेड सीटवर बसून गिल्टी फील केलं,” असं कोणीतरी लिहायचं आणि खाली हात जोडलेले इमोजी यायचे.

एकदा कोणीतरी काळजीपोटी पोलिसांना फोन केला. गाडी आली, तरुण पोलीस उतरला, “मॅम, आर यू ओके?” म्हणाला. आजी थांबल्या, कमरेतून वाकल्या आणि म्हणाल्या, “मी ठीक आहे. तुम्ही ठीक आहात का? थंडीत उभे आहात.” हे मला ठाऊक आहे, कारण मी त्यांच्या मागेच होते. त्या दिवसांत ट्रॉयमध्ये चालणारी दुसरी व्यक्ती मी होते.

मी हौसेने चालत नव्हते. निखिल, माझा नवरा, इथल्या एका कंपनीत गाड्यांच्या टेस्टिंगचं काम करतो. तो वर्क व्हिसावर आहे आणि मी त्याची डिपेंडंट आहे. डिपेंडंट हा शब्द मी पुण्यात फॉर्म भरताना वाचला होता तेव्हा तो नुसता एक रकाना वाटला होता. इथे आल्यावर कळलं की मला नोकरी करता येत नाही, आणि घरातली एकुलती गाडी सकाळी निखिलबरोबर जाते. मला गाडी चालवताही येत नव्हती. “या वीकेंडला नक्की शिकवतो,” निखिल म्हणायचा. मग वीकेंडला बर्फ पडायचा, नाहीतर त्याचं काहीतरी रिलीज असायचं, नाहीतर तो इतका दमलेला असायचा की मलाच म्हणावंसं वाटायचं नाही. तो वाईट नाही. पण दाराला बाहेरून कडी कोणी लावलेली नसली तरी दार बंद राहू शकतं, एवढं मला त्या वर्षी समजलं.

मी मुळात कमी बोलते. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी चांगलं आहे, पण कोणत्याही भाषेत एखादं वाक्य आधी मनात म्हणून बघते आणि तोवर विषय बदललेला असतो. म्हणून आजींच्या मागून कितीतरी दिवस मी नुसती चालत राहिले. फूटपाथच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग असायचे, मधे एकाच माणसापुरती वाट. त्यांना ओलांडून पुढे जायचं मला जमेना. माझ्यामुळे आपल्याला घाई करावी लागतेय की आपल्यामुळे मी अडकलेय, हे त्यांना कळेना. शेवटी त्या थांबायच्या, खाली वाकून बुटाची नाडी बांधायच्या, मी “सॉरी, सॉरी” करत कडेने निघून जायचे. असं बरेचदा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांच्या बुटांना नाड्याच नाहीत.

त्या दिवशी मी पहिल्यांदा थांबले आणि हसले. त्या पण हसल्या. “मला वाटलं होतं तुमच्या लवकर लक्षात येईल,” त्या म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी सावकाश आणि नीटनेटकं होतं, एकेक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखं. मला ते आठवतं तेव्हा मराठीत ‘तुम्ही’ असंच ऐकू येतं. माझं नाव अनघा. त्या ‘अनागा-सान’ म्हणत; ‘सान’ म्हणजे आदराने लावायचं ‘जी’.

त्यांच्या घरात मात्र मी गेले ती डब्यामुळे. आमच्याच कॉम्प्लेक्समागच्या घरांमध्ये रेखाकाकू राहतात. त्यांना इथे येऊन चाळीसेक वर्षं झाली असतील. डॉक्टर होत्या, आता रिटायर्ड आहेत आणि पेशंट उरले नाहीत म्हणून आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवतात. चालणाऱ्या आजींना त्यांनी गाडी थांबवून कितीदा तरी लिफ्ट ऑफर केली होती. आजी दर वेळी वाकून नमस्कार करायच्या आणि चालत राहायच्या. काकूंना नकाराची सवय नाही. पुढच्या दिवाळीत त्यांनी स्टीलच्या डब्यात चिवडा भरला आणि तो माझ्या हातात दिला. डब्यावर काकूंच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं. “तू चालतेस ना तिच्याबरोबर? दे नेऊन. गाडीत बसत नाही तर चिवडा तरी खाईल.”

दुसऱ्याच दिवशी डबा परत आला, आत कागदात गुंडाळलेली नाशपाती. काकू खूश झाल्या आणि अस्वस्थही झाल्या. रिकामा डबा परत करायचा नाही हे आपल्याकडे कोणी शिकवावं लागत नाही. पण इकडे डबा भरून आला म्हणजे आता परत पाठवताना आपल्याला काही घालायला हवं. त्यांनी शंकरपाळे घातले. तिकडून तांदळाचे चपटे बिस्किटासारखे क्रॅकर आले. इकडून बेसनाचे लाडू गेले, तिकडून लाल चवळीसारख्या बियांचा गोड लगदा भरलेले छोटे केक आले. “अगं, ही बाई ऐकतच नाही,” काकू म्हणायच्या. आजी म्हणायच्या, “तुमच्या काकू फार कडक आहेत. आता मी काय देऊ?” दोघींपैकी एकीलाही थांबता येत नव्हतं. हिवाळाभर तो डबा घेऊन मी या घरातून त्या घरात जात राहिले, आणि खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात मला दुसरं कुठे जायचंच नव्हतं.

आजी कादंबऱ्या लिहितात हे मला त्यांच्या इस्त्रीच्या टेबलामुळे कळलं. बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी ते सगळ्यात खालच्या खाचेवर अडकवून ठेवलेलं होतं, जमिनीपासून हातभर उंच. समोर चपटी गादी. मला वाटलं, जपानी लोक खाली बसून इस्त्री करत असतील. जवळ गेले तर त्यावर चौकटी छापलेले कागद होते, एका चौकटीत एक अक्षर, वरून खाली लिहिलेलं, आणि खोडरबराच्या चुऱ्याचा ढीग. “टेबल घ्यायचं म्हणून आम्ही दुकानात गेलो होतो,” त्या म्हणाल्या. “पण माझे पती म्हणाले, आपण पाच वर्षांसाठीच आलोय, कशाला. तोपर्यंत हे चालेल. मी यावर नऊ कादंबऱ्या लिहिल्या.”

पाच वर्षांची पस्तीस आणि पुढे किती झाली ते त्या मोजत नसत. त्यांचं गाव जपानच्या त्या किनाऱ्यावर, जिथे बर्फ खिडकीच्या वरपर्यंत येतो. नवरा गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. कंपनीने पाठवलं, दोघं आले. तो दिवसभर बाहेर, ही दिवसभर अपार्टमेंटमध्ये. गाडी शिकायची ती ‘पुढच्या वर्षी’ राहिली. चाळिशी ओलांडल्यावर एक दिवस कंटाळून त्यांनी वॉशिंग मशिन दुरुस्त करणाऱ्या माणसाची वाट बघणाऱ्या एका बाईची गोष्ट लिहायला घेतली. तो माणूस पुस्तक संपेपर्यंत येत नाही. ते हस्तलिखित त्यांनी जपानमधल्या एका स्पर्धेला पोस्टाने पाठवलं आणि त्याला बक्षीस मिळालं. तिकडे त्यांचं नाव आहे, वाचक आहेत. “अमेरिकेत राहते म्हटलं की त्यांना न्यूयॉर्क वाटतं,” त्या म्हणाल्या. “मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. एकाला ट्रॉय सांगितलं तर तो म्हणाला, वा, तो घोडा अजून आहे का?”

त्यांच्या कुठल्याच कादंबरीत बाई घराबाहेर पडत नाही. समीक्षक त्याचं कौतुक करतात, त्यात खोल अर्थ बघतात. आजी म्हणायच्या, “अर्थ काही नाही. मला बाहेरचं माहीत नव्हतं.”

“पण तुम्ही तर रोज चालता,” मी म्हटलं.

“कैदीसुद्धा रोज चालतात, अनागा-सान. अंगणात.”

त्यांचं अंगण म्हणजे अपार्टमेंट ते केअर होम. तिथे त्यांचे पती होते. त्यांना विस्मरणाचा आजार झाला होता आणि आधी इंग्रजी गेलं. मग ट्रॉय गेलं. त्यांना वाटायचं आपण कंपनीच्या हॉस्टेलवर आहोत आणि उद्या घरी जायचंय. तिथे जपानी कोणाला येत नव्हतं, म्हणून आजी जाऊन बसेपर्यंत ते जेवायचे नाहीत. त्यांना सोडून जपानला जाता येत नव्हतं आणि त्यांना घेऊनही जाता येत नव्हतं. आजोबांनी आयुष्यभर गाडीच्या दाराची लॅच डिझाइन केली. दार लावल्यावर जो एक जाड, घट्ट आवाज येतो तो आपोआप येत नाही, त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं बसतात, हे मला आजींकडून कळलं. आता आजोबा खोलीतलं कपाट उघडायचे, लावायचे, कान देऊन ऐकायचे आणि मान हलवायचे. त्या मजल्याचं मुख्य दार मात्र आकडे दाबल्याशिवाय उघडत नसे. ते आकडे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

दर गुरुवारी संध्याकाळी जपानहून आजींच्या संपादकाचा फोन यायचा. तिकडे शुक्रवारची सकाळ. एका मासिकात त्यांची कादंबरी दर महिन्याला प्रकरणाप्रकरणाने छापून येत होती. फोन आला की त्या उठून उभ्या राहायच्या आणि भिंतीकडे बघून वाकायच्या. एका गुरुवारी मी डबा घेऊन आले होते. फोन ठेवून त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, “ही माझी शेवटची आहे. संपादक म्हणतात, या वेळी तरी बाईला बाहेर पडू द्या. वाचक तीस वर्षं वाट बघतायत. मी हो म्हणून बसले. आता शेवटचं प्रकरण राहिलंय आणि ती निघत नाही.”

“का?”

“मला माहीत नाही. तुम्ही घरातून निघताना आधी काय करता?”

मी विचार केला. “मी फारशी निघतच नाही.”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. मला तो चेहरा नीट आठवतो, कारण त्यानंतर त्यांचे प्रश्न सुरू झाले. निखिल गेल्यावर दार लावून मी कुठे उभी राहते? जेवते कुठे? (ओट्यापाशी उभ्याने.) किल्ली कुठे टांगते? दुपारी फोन वाजला तर आधी आवाज साफ करते का? दिवसभरात हाच पहिला शब्द असतो का? मी उत्तरं देत गेले. इतक्या बारकाईने मला कोणी काही विचारलं नव्हतं. घरी गेले की मला वाटायचं, मी पण कोणीतरी आहे.

मग एक दिवस त्यांनीच सांगून टाकलं. लपवाछपवी त्यांच्यात नव्हती. “या प्रकरणात ती ओट्यापाशी उभ्याने जेवते. किल्ली टांगते तो हुक तुमचा आहे.” माझे कान तापले. मी चारचौघांत फोटोलासुद्धा कडेला उभी राहणारी मुलगी. मी कशी जेवते ते आता एका देशभर वाचलं जाणार होतं, आणि मला त्यातलं अक्षर वाचता येणार नव्हतं. “मला विचारायला हवं होतं,” मी म्हटलं. एवढं वाक्य मी कोणाला तोंडावर म्हटल्याचं ते पहिलंच.

“हो,” त्या म्हणाल्या. “पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.” मग डब्यावर हात ठेवून म्हणाल्या, “कादंबरी लिहिणारा माणूस शेजारणीच्या घरातून न विचारता साखर आणतो. ती परत करता येत नाही. म्हणून बाकी सगळं मी परत करते.”

मी उठले, दारापाशी गेले, बूट घातले. दार उघडताना सवयीने तोंडातून निघून गेलं, “येते.” आणि मग चीड आली, की भांडूनसुद्धा मी हेच म्हणते.

“काय म्हणालात?” आजी मागून आल्या होत्या.

आमच्यात घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात, असं मी सांगितलं. घरात कोणी नसलं तर? कोणी नसलं तरी. माझ्या दाराजवळच्या शेल्फवर छोटा गणपती आहे, त्याला सांगते.

आजी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. “आमच्यातही तसंच,” त्या म्हणाल्या. “निघताना ‘जाऊन येते’ म्हणायचं. घरातला माणूस ‘जाऊन ये’ म्हणतो. लहान पोरंसुद्धा म्हणतात. माझी बाई महिनाभर इथेच उभी आहे, बूट घालून. तिने हे म्हटलं तर तिला परत यावं लागेल. म्हटलं नाही तर ती मी लिहिलेली बाई नाही. तिच्यासारखी बाई असं न म्हणता निघेलच कशी?”

मी दार ओढून घेऊन निघाले. तेव्हा त्या बाईच्या काळजीपेक्षा माझा हुक न विचारता घेतल्याचा राग मला जास्त होता. पुढे काही दिवस डबा माझ्या घरीच राहिला. काकूंनी दोनदा विचारलं.

जानेवारीत आधी पाऊस पडला आणि तो रस्त्यावरच गोठला. फूटपाथ काचेसारखा झाला. आजी नेहमीच्या वेळी निघाल्या आणि चौकाच्या अलीकडे पडल्या. उजवं मनगट मोडलं. रेखाकाकूंनीच हॉस्पिटलमध्ये नेलं. आजी शुद्धीवर होत्या, पण त्या वेळी नाही म्हणण्याइतकं त्राण त्यांच्यात नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता, इस्त्रीचं टेबल मिटून भिंतीशी उभं होतं. मासिकाने वाचकांना कळवलं होतं की लेखिकेच्या प्रकृतीमुळे या महिन्यात प्रकरण नाही.

“माझी बाई अजून दारात उभी आहे,” आजी म्हणाल्या. “बिचारीला थंडी वाजत असेल.” मग वेगळ्या आवाजात म्हणाल्या, “माझे पती दोन दिवस जेवले नाहीत. केअर होममधून फोन आला होता.”

“मी रोज सोडते की,” काकू म्हणाल्या. “गाडी आहे, वेळ आहे.”

आजींनी मान हलवली. रोजची लिफ्ट म्हणजे रोजचे आभार, आणि रोजची परतफेड. डब्याचं एक वेळ जमलं, हे त्यांना जमणार नव्हतं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अनागा-सान नेत असतील तर येईन. त्यांच्याकडून मी आधीच चोरलंय. तिथे आता परतफेडीचा प्रश्न नाही.”

“हिला कुठे येते गाडी?” काकू म्हणाल्या. मग त्या दोघीही माझ्याकडे बघू लागल्या.

काकूंच्या घरात दोन माणसं आणि तीन गाड्या. तिसरी जुनी सेडान गराजमध्ये नुसती उभी होती. लर्नर परमिट मी आल्या आल्या काढलं होतं, ते पर्समध्ये पडून होतं. लायसन्सवाला माणूस शेजारी असेल तर त्यावर चालवता येतं. अशी आमची वरात सुरू झाली. मी स्टिअरिंगवर, शेजारी काकू, मागे हात गळ्यात बांधून, लाल टोपी घालून आजी.

“ब्रेक कुठला ते माहितीये ना? मग बास. बाकी सगळं देवाच्या हातात.”

“काकू, असं बोलू नका ना.”

“बरं, लेफ्ट घे. लेफ्ट! अगं, हा तुझा लेफ्ट, माझा नाही!”

“दोघींचा एकच असतो, काकू.”

“वाद नको घालूस, आरशात बघ. मागचा ट्रकवाला तुझा मामा नाहीये, थांबायला.”

मागून आजी शांतपणे विचारायच्या, “त्या काय म्हणाल्या?” आणि मी घामाघूम होऊन इंग्रजीत सांगायचे. त्यांना वाटेत दर वळणावर हसू यायचं. ज्या रस्त्याने त्या इतकी वर्षं पायी गेल्या तो गाडीतून फार छोटा निघाला. “एवढंच?” त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, आणि नंतर खिडकीबाहेर बघत बसल्या.

निखिलला मी सांगितलं तेव्हा तो चकित झाला. “मी शिकवणारच होतो, यार. या वीकेंडला.” मग म्हणाला, “चालेल ना तुला? हायवेला नको जाऊस हं एकदम.” त्याच्या आवाजात काळजी होती आणि आणखीही काहीतरी होतं, ज्याचं नाव त्यालाही माहीत नसावं.

बर्फ वितळायला लागला तेव्हा माझी रोड टेस्ट झाली. काकूंना डेंटिस्टकडे जायचं होतं, म्हणून काकूंच्या सेडानमध्ये माझ्या शेजारी बसून मंडळातल्या एका काकांनी सेंटरवर यायचं ठरलं होतं. ते खाली येऊन स्वतःच्या गाडीतून हॉर्न देत होते आणि काकूंच्या गाडीची किल्ली मला सापडत नव्हती. ती हुकावर नव्हती. कोटाच्या खिशात नव्हती. शेवटी बुटातच मिळाली, आदल्या दिवशी मीच टाकली असणार. मी धावत सुटले. टेस्ट पास झाले. संध्याकाळी आजींना सांगायला गेले.

त्यांनी अभिनंदन केलं, वाकल्या, आणि मग अर्थातच विचारलं, “निघताना घराला काय म्हणालात?”

मी आठवून बघितलं. “काहीच नाही. किल्ली शोधत होते. विसरले.”

“विसरलात?”

“हो. गणपतीलापण सांगायचं राहिलं.”

आजी हसायला लागल्या. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, बांधलेला हात पोटाशी धरून त्या हसत राहिल्या. “विसरते!” त्या म्हणाल्या. “बंड नाही, धाडस नाही, काही नाही. किल्ली शोधता शोधता म्हणायचं विसरते. इतके महिने मी तिला दारात उभं करून ठेवलं, आणि तिला नुसतं विसरायचं होतं.” मग त्यांनी मला टेबल पुन्हा मांडायला सांगितलं, सगळ्यात खालच्या खाचेवर. शेवटचं प्रकरण त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. अक्षरं चौकटींबाहेर जात होती. संपादक छापण्याआधी फोनवर नाराज झाले, असं त्यांनीच नंतर सांगितलं: वाचकांना आणखी काहीतरी मोठं हवं होतं. फोनवर आजी वाकल्या, पण बदल केला नाही.

लायसन्स मिळाल्यावर त्यांना केअर होमला मी एकटी न्यायला लागले. एका उन्हाच्या दिवशी नर्सने आजोबांनाही पार्किंगपर्यंत आणलं. ते माझ्या, म्हणजे काकूंच्या, जुन्या गाडीपाशी आले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार त्यांनी उघडलं, हळूच लोटलं, कान दिला. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग माझ्याकडे वळून जपानीत काहीतरी म्हणाले, गंभीरपणे, साहेब ज्युनियरशी बोलतो तसं.

“काय म्हणाले?”

“दार चांगलं आहे म्हणतात,” आजी म्हणाल्या. “जपून वापरा.”

ते पुढच्या शिशिरात गेले, झोपेत. अंत्यविधीला आम्ही मोजकी माणसं होतो. त्यानंतर आजींना ट्रॉयमध्ये काही उरलं नाही. गावाकडे धाकटी बहीण होती, तिच्याकडे जायचं ठरलं. अपार्टमेंट रिकामं झालं. इस्त्रीचं टेबल त्या मला देऊन गेल्या. काकूंनी प्रवासात खायला म्हणून तोच डबा लाडवांनी भरून दिला. “परत कधी येणार, विचार त्यांना,” काकूंनी मला सांगितलं. मी ते विचारलं नाही.

एअरपोर्टला मीच सोडलं, हायवेवरून. निघताना त्यांनी अपार्टमेंटचं दार लावलं, किल्ली ऑफिसच्या खिडकीत टाकली आणि गाडीत येऊन बसल्या. बऱ्याच पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की दार लावताना त्या काहीच बोलल्या नव्हत्या. एरवी रिकाम्या घरालासुद्धा पुटपुटून निघायच्या. मी आरशातून बघितलं. डबा मांडीवर घेऊन त्या बाहेर बघत होत्या. एअरपोर्टच्या दाराशी आम्ही दोघी एकमेकींसमोर वाकलो, मी नीट वाकले नाही बहुतेक, आणि त्या आत गेल्या. पाठ ताठ, लाल टोपी. आत गेल्यावर सगळेच चालत असतात, म्हणून थोड्याच वेळात त्या मला दिसेनाशा झाल्या.

मी अजून त्याच अपार्टमेंटमध्ये आहे. निखिलचं ग्रीन कार्ड रांगेत आहे आणि रांग हलत नाही. माझ्या लायसन्सवर शेवटची तारीख छापलेली आहे ती व्हिसाची; त्यापुढे गाडी चालवायचीही परवानगी संपते. मी लायब्ररीपर्यंत जाते, ओक आणि मेपलच्या रस्त्यांनी उगाच एक चक्कर मारते आणि परत येते. अंगण मोठं झालंय, एवढंच म्हणता येईल. संध्याकाळी कधी कधी ते इस्त्रीचं टेबल खालच्या खाचेवर लावून त्याच्यापुढे बसते. हे मी त्यावरच लिहिलंय.

गेल्या महिन्यात जपानहून पार्सल आलं. वर पुस्तक होतं. करड्या मुखपृष्ठावर एक अर्धवट उघडं दार. मी शेवटचं पान काढून त्यावर फोन धरला; भाषांतराच्या ॲपमध्ये उभ्या ओळी आडव्या होऊन कोसळल्या, ‘शू’, ‘की’, ‘व्हेअर’ एवढे शब्द तरंगले आणि विरले. मी फोन बाजूला ठेवला. तो हुक आत कुठेतरी असेल. असू दे.

पुस्तकाखाली, कागदात नीट गुंडाळलेला, काकूंचा डबा होता. धुतलेला, पुसलेला, सासूबाईंच्या नावासकट. मी तो काकूंना नेऊन दिला. त्यांनी ओट्यावर ठेवून झाकण उघडलं, आत बघितलं, मग कागदाच्या घडीत काही राहिलंय का ते चाचपलं.

“रिकामा?” त्या म्हणाल्या. “इतक्या लांबून पोस्टाने रिकामा डबा? ती तर असं कधी करत नव्हती.” त्या थोडा वेळ झाकण हातात धरून उभ्या राहिल्या. “विसरली असेल गं. म्हातारपण.”

“हो, काकू,” मी म्हटलं. “विसरल्या असतील.”

काकूंनी झाकण लावलं आणि डबा वरच्या कपाटात, मागे, ठेवून दिला.